तिकीट सरकारचं, पाकीट आपलं

गेल्या रविवारी पुण्यात टपाल तिकिटांचं एक छोटं प्रदर्शन होतं. तासाभरात बघून होईल म्हणून गेलो आणि हॉल बंद करायची वेळ झाली तेव्हा बाहेर पडलो. मजा आली, खूप मजा आली. पण हे लिहायचं कारण तेवढंच नाही. तिथे जे पाहिलं त्याचा संबंध आपल्या घरच्या माळ्यावर पडलेल्या ट्रंकेशी आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

ज्यांनी असं प्रदर्शन कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. हॉलमध्ये उभ्या चौकटी ओळीने लावलेल्या असतात, त्यांना फ्रेम म्हणतात. एका फ्रेममध्ये साधारण सोळा पानं बसतात. संग्राहक आपल्या तिकिटांतून एक विषय निवडतो, पानांवर तिकिटं लावतो आणि शेजारी बारीक अक्षरात माहिती लिहितो. परीक्षक ती पानं वाचून गुण देतात, पदकं देतात. म्हणजे नुसती तिकिटं जमवून भागत नाही, त्यातून काहीतरी सांगता आलं पाहिजे. एका बाजूला विक्रेत्यांची टेबलं असतात, तिथे दहा-वीस रुपयांच्या पाकिटांपासून हजारोंच्या तिकिटांपर्यंत सगळं मिळतं. शाळकरी पोरं पक्षी, रेल्वे आणि क्रिकेटच्या तिकिटांपाशी गर्दी करतात. पिकल्या केसांची मंडळी हातात भिंग घेऊन एकाच फ्रेमसमोर अर्धा अर्धा तास उभी असतात.

मी आधी पोरांच्या गर्दीत होतो आणि दुपारनंतर भिंगवाल्यांच्यात गेलो. तिथून पाय निघेना.

सुरुवात अगदी सुरुवातीपासून करू.

१८५२ च्या १ जुलैला सिंध प्रांतात ‘सिंदे डाक’ नावाचं अर्ध्या आण्याचं तिकीट निघालं. आशियातलं हे पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट. ते काढणारा अधिकारी होता बार्टल फ्रेअर. हे नाव मुंबईकरांना माहीत असेल. हाच पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याच्या काळात मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले गेले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत होता. त्या तिकिटाचा एक प्रकार लाल लाखेच्या पातळ चकतीवर उठवलेला होता. तो इतका ठिसूळ की हाताळतानाच तुकडे पडायचे. त्यामुळे आज तो अतिशय दुर्मीळ आहे. आमच्या प्रदर्शनात अर्थातच तो नव्हता, माहितीफलकावर चित्र होतं.

खरा मोठा बदल झाला तो दोन वर्षांनी. १ ऑक्टोबर १८५४ ला सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच तिकीट आणि एकच दर लागू झाला. त्याआधी पत्राचा खर्च अंतरावर ठरायचा. कलकत्ता ते मुंबई एका तोळ्याच्या पत्राला रुपया लागायचा. आता पाव तोळ्यापर्यंतचं पत्र अर्ध्या आण्यात देशात कुठेही जाऊ लागलं. रुपयाचे आणे सोळा, हे ज्यांना आठवतं त्यांनी हिशोब करावा. पत्र लिहिणं ही सावकार, व्यापारी आणि सरकारी अंमलदारांची गोष्ट होती, ती हळूहळू शिक्षकाच्या, कारकुनाच्या, शिपायाच्या आवाक्यात आली. तिकीट न लावता टाकलेल्या पत्राला दुप्पट पैसे पडायचे आणि ते घेणाऱ्याने भरायचे. बैरंग पत्र ते हेच.

पेशवाईतही टपाल होतंच की. जासूद धावायचे, मजल दरमजल पत्रं पोचायची. पण ती व्यवस्था दरबाराची होती. रयतेच्या घरातली सून माहेरी पत्र पाठवतेय, हे त्या व्यवस्थेत बसणारं नव्हतं. कंपनी सरकारने हे परोपकार म्हणून केलं असं कुणी समजू नये. त्यांना राज्य चालवायचं होतं, व्यापार करायचा होता, फौजा हलवायच्या होत्या. पण एकदा रस्ता झाला की त्यावरून कोण चालेल हे रस्ता करणाऱ्याच्या हातात राहत नाही. १ जुलै १८७९ ला पोस्टकार्ड आलं, किंमत पाव आणा, म्हणजे जुना एक पैसा. पुढच्याच वर्षी टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली. आणि मग आपल्याकडच्या घराघरात पोस्टमन हा माणूस आला.

आता एक गंमत. आज ज्याला आपण महाराष्ट्र म्हणतो तो तेव्हा टपालाच्या नकाशावर एक नव्हताच. एका फ्रेममध्ये भोर संस्थानची तिकिटं होती. हो, आपलं भोर, पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवरचं. पंतसचिवांनी १८७९ मध्ये स्वतःची तिकिटं काढली होती, अर्धा आणा आणि एक आणा, हाताने ठसा उठवून केलेली. १९०१ मध्ये पंतसचिवांच्या चित्राचं तिकीटही निघालं. त्याच फ्रेमच्या शेजारी निजामाच्या हैदराबादची तिकिटं. औरंगाबाद, नांदेड, बीड, परभणी या भागातल्या माणसांनी अनेक पिढ्या ही तिकिटं चिकटवली. त्यातल्या जुन्या तिकिटांवर किंमत उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठीतही आहे. बोटाच्या नखाएवढ्या जागेत चार लिप्या! आणि गोव्याची पोर्तुगीज तिकिटं १८७१ पासूनची, ती थेट १९६१ पर्यंत चालली. पुण्यात एक भाऊ, नांदेडला बहीण आणि मडगावला मावशी असं एखादं मराठी कुटुंब असेल तर त्यांच्या पत्रांवर तीन वेगवेगळ्या सरकारांची तिकिटं असणार. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ कशासाठी होती हे पोरांना समजावून सांगायचं असेल तर या दोन फ्रेमसमोर त्यांना पाच मिनिटं उभं करावं.

पुढची फ्रेम १९४७ ची होती आणि माझ्या मते सगळ्या हॉलमधली सगळ्यात बोलकी.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा स्वतंत्र भारताचं एकही तिकीट तयार नव्हतं. पत्रं तर रोज टाकली जात होती. मग काय करणार? सहाव्या जॉर्ज राजाचीच तिकिटं चालू राहिली. पण त्यावर मारायचा शिक्का बदलला. अनेक ठिकाणी टपाल खात्याने ‘जय हिंद’ अक्षरांचा शिक्का वापरायला सुरुवात केली. त्यामुळे त्या महिन्यांतल्या पाकिटांवर राजाचा मुकुटधारी चेहरा आहे आणि त्या चेहऱ्यावर काळ्या शाईत ‘जय हिंद’ उमटलंय. हे कुणा कलाकाराने ठरवून केलेलं चित्र नव्हतं. पोस्टातला कर्मचारी सकाळी कामावर आला, शिक्का हातात घेतला आणि रोजच्यासारखा धडाधड मारत सुटला.

स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट निघालं २१ नोव्हेंबर १९४७ ला. तिरंगा आणि ‘जय हिंद’, किंमत साडेतीन आणे. ते परदेशी पत्रांसाठी होतं. अशोकस्तंभाचं दीड आण्याचं, देशातल्या पत्रांसाठीचं तिकीट १५ डिसेंबरला आलं. म्हणजे आधी जगाला कळवलं आणि मग घरच्यांना.

आणि १९४८ चं गांधीजींचं तिकीट. १५ ऑगस्ट १९४८ ला चार तिकिटांचा संच निघाला, सगळ्यात मोठं दहा रुपयांचं. त्यांवर हिंदी आणि उर्दूत ‘बापू’ लिहिलेलं आहे. ज्या माणसाने आयुष्यभर स्वदेशीचा आग्रह धरला त्याची ही तिकिटं छापली गेली स्वित्झर्लंडमध्ये. आपल्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून टपाल तिकिटं छापली जात होती. त्याआधीची सत्तर वर्षं ती बहुतांशी लंडनहून छापून यायची. पण या संचाला हवं होतं तसं फोटोग्रॅव्ह्युअर छपाईचं तंत्र तेव्हा नाशिककडे नव्हतं. ते आलं आणि १ ऑक्टोबर १९५२ ला त्या तंत्राने नाशिकला पहिला संच छापला गेला, संत आणि कवींचा. त्यात कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर. छपाई नाशिकची आणि संचात मराठी संत एकही नाही. नामदेव महाराजांना १९७० मध्ये तिकीट मिळालं, ज्ञानोबांना १९९७ मध्ये आणि तुकोबांना २००२ मध्ये.

इथे मी थोडा थांबलो आणि वहीत यादी करायला लागलो. महाराष्ट्रातल्या कोणाचं तिकीट कधी निघालं?

लोकमान्य टिळक, १९५६.
महर्षी कर्वे, १९५८.
छत्रपती शिवाजी महाराज, १९६१.
रमाबाई रानडे, १९६२.
डॉ. बाबासाहेब आंबेडकर, १९६६.
महात्मा फुले, १९७७.
राजर्षी शाहू महाराज, १९७९.
पंडिता रमाबाई, १९८९.
सावित्रीबाई फुले, १९९८.
अण्णाभाऊ साठे, २००२.

ही यादी अपुरी आहे, पण क्रम बघा. यावर मला भांडण उकरायचं नाही. जन्मशताब्दी किंवा पुण्यतिथीच्या निमित्ताने तिकीट काढायची पद्धत असते आणि टिळकांची शताब्दी १९५६ मध्ये होती, हे खरं आहे. जोतिबांची जन्मशताब्दी १९२७ मध्ये झाली, तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, हेही खरं. पण निमित्ताचा हा नियम सगळीकडे लागू पडत नाही. सावित्रीबाईंच्या जन्माला १९८१ मध्ये दीडशे वर्षं झाली होती, तिकीट त्यानंतर सतरा वर्षांनी आलं.

कर्वे आणि पंडिता रमाबाई यांचं उदाहरण तर फार बोलकं आहे. धोंडो केशव कर्वे जन्मले १८ एप्रिल १८५८ ला. पंडिता रमाबाई जन्मल्या २३ एप्रिल १८५८ ला. अंतर फक्त पाच दिवसांचं. दोघांचंही आयुष्य विधवांच्या शिक्षणात गेलं. इतकंच काय, कर्व्यांनी १८९३ मध्ये ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. एप्रिल १९५८ मध्ये कर्व्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली, ते हयात होते, आणि त्याच दिवशी त्यांचं तिकीट निघालं. जिवंतपणी टपाल तिकिटावर झळकलेले ते पहिले भारतीय. पुणेकरांनी अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट आहे आणि अण्णांचा तो मान होताच. पण त्याच आठवड्यात रमाबाईंचीही जन्मशताब्दी होती. त्यांचं तिकीट निघायला १९८९ उजाडलं, आणखी एकतीस वर्षं गेली. त्यांनी धर्म बदलला होता. त्या बाई होत्या. उशीर कशामुळे झाला हे तिकिटावर लिहिलेलं नसतं, तारीख मात्र असते, आणि दोन तारखा शेजारी ठेवल्या की प्रश्न आपोआप पडतो.

मला यातून जे समजलं ते असं. तिकीट म्हणजे सरकारची स्मरणशक्ती. कुणाला आठवायचं, कधी आठवायचं, किती रुपयांच्या तिकिटावर आठवायचं, हे सरकार ठरवतं. सरकार कोणाचंही असो. समाजात ज्यांचा आवाज वाढतो त्यांची माणसं तिकिटावर येतात. फुले-शाहू-आंबेडकर हे नाव आज आपण एका दमात घेतो, पण तिकिटांवर ते तिघं यायला तेरा वर्षं लागली आणि सावित्रीबाईंना यायला त्यावर आणखी एकोणीस. त्या वर्षांमध्ये महाराष्ट्रात काय काय घडलं ते तुम्हाला माहीत आहे.

पण हे झालं तिकिटाचं. दुपारनंतर ज्या फ्रेमपाशी मी गेलो तिथे पाकिटं होती.

या प्रकाराला टपाल इतिहास म्हणतात. त्यात तिकीट दुय्यम असतं. पत्र कुठून निघालं, कोणत्या वाटेने गेलं, किती दिवस लागले, कोणी उघडलं, किती दंड पडला, पत्ता कसा लिहिलाय, परत का आलं, हे सगळं पाकिटावरच्या शिक्क्यांवरून वाचायचं.

दुसऱ्या महायुद्धातली सैनिकांची पाकिटं होती. पाठवणाऱ्याचं गाव नाही, देश नाही, फक्त पलटणीचं नाव आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा. वर सेन्सॉरचा शिक्का. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतली हजारो पोरं मराठा पलटणीतून आफ्रिकेत, इटलीत लढत होती. यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत पडले, नामदेव जाधव १९४५ मध्ये तिथेच लढले, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही नावं इतिहासात आली. बाकीच्यांच्या घरी अशी पाकिटं आली. पोरगा कुठे आहे हे आईला पत्रातून कळायची सोय नव्हती. पत्र आलं म्हणजे लिहिलं त्या दिवशी तरी तो जिवंत होता, एवढंच कळायचं.

१९७१ ची एक फ्रेम होती. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे येत होते, त्यांना पोसायला पैसा हवा होता. सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं केलं. वेगळं तिकीट छापायलाही वेळ नव्हता. कुटुंब नियोजनाचं पाच पैशांचं तिकीट होतं, आई-बाप आणि मुलांचं चित्र असलेलं, त्यावरच ‘रेफ्युजी रिलीफ’ अशी अक्षरं छापली. तीही पुरेनात, तेव्हा ठिकठिकाणी स्थानिक पातळीवर शिक्के करून मारले गेले. काही सरळ, काही वाकडे. नंतर खास तिकीट आलं. ही पट्टी मार्च १९७३ अखेरपर्यंत चालली. म्हणजे सव्वा वर्षाहून जास्त काळ या देशात प्रियकराला, सासूला, नोकरीच्या अर्जाला, कोणालाही पत्र लिहिणाऱ्याने दुसऱ्या देशातल्या निर्वासिताच्या घासासाठी पाच पैसे दिले. १९७१ म्हटलं की आपल्याला रणगाडे आणि शरणागतीचा फोटो आठवतो. हे पाच पैसे कोणाला आठवतात? तुमच्या घरात त्या काळातलं पाकीट असेल तर त्यावर ते नक्की सापडेल.

एकाने पत्त्यांवरच फ्रेम केली होती. आधी ‘मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक’, आणि एकाच नावाची तीन-चार गावं असली की पत्र फिरून फिरून पोचायचं. त्या शिक्क्यांची माळ पाकिटाच्या पाठीवर. मग १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. तो बसवणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, आपलेच मराठी आणि संस्कृतचे मोठे कवी. ४११ टाकलं की पुणे, हे आज अन्न मागवणाऱ्या ॲपलाही लागतं. त्यामागे एक संस्कृतचा पंडित होता हे कितीजणांना माहीत असतं?

आणि शेवटी मनीऑर्डरच्या पावत्या. खालच्या बाजूला मजकुरासाठी छोटीशी जागा असायची. गिरणगावातून कोकणात आणि घाटावर जाणारे पैसे आणि त्या दोन ओळी. ‘पैसे पाठवले आहेत. दाणे भरून घेणे. गणपतीला येतो.’ अशा थाटाच्या. कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणायचे ते उगाच नाही. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपाचा इतिहास आपण दत्ता सामंतांपासून सांगतो, मालकांपासून सांगतो, गिरण्यांच्या जमिनींपासून सांगतो. गावात पोस्टमन येईनासा झाला, तिथून तो अजून नीट सांगितलेला नाही. ती साधनं कोणाकडे आहेत? सरकारी दफ्तरात नाहीत. तुमच्या आजीच्या डब्यात आहेत, असलीच तर.

त्या फ्रेमपाशी एक वयस्कर संग्राहक उभे होते. मी विचारलं, काका, एवढं सगळं मिळालं कुठे? म्हणाले, रद्दीवाल्याकडे. आणि मग जे बोलले ते मनातून जात नाही. म्हणाले, लोक येतात माझ्याकडे, आजोबांच्या पत्रांतली तिकिटं आणली म्हणून. कात्रीने कापून, पाण्यात भिजवून, सुकवून, स्वच्छ करून आणतात. तिकीट पाच रुपयाचंही नसतं. मी विचारतो, पाकीट कुठाय? पत्र कुठाय? म्हणतात, ते फेकलं.

मंडळी, मराठ्यांचा इतिहास आपल्याला कसा मिळाला ते आठवा. राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माड्यांवरून, अडगळीतून पत्रं गोळा केली. वाईला सापडलेल्या पत्रांमधून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये आला. पानिपतावर काय झालं हे आपण आज बखरीपलीकडे जाऊन सांगू शकतो ते त्या पत्रांच्या जिवावर. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभं आहे ते अशाच कागदांवर. ज्यांनी ते कागद जपले त्यातल्या कित्येकांना मोडी वाचता येत नव्हती, पण फेकले नाहीत.

आणि आपण? आपली विसाव्या शतकातली पत्रं देवनागरीत आहेत, सहज वाचता येतात, आणि आपण ती किलोच्या भावाने घालतोय. फ्लॅट बदलला, वाडा पाडला, आई गेली, की पहिली ट्रंक रद्दीत. ‘ती. बाबांस सा. न. वि. वि.’ म्हणून सुरू होणारी पत्रं. दुष्काळात गाव सोडल्याचं कळवणारी कार्डं. मुलीला स्थळ आलं त्याचं आंतर्देशीय. वाईट बातमीचं कार्ड वाचून लगेच फाडायची पद्धत होती, म्हणून ती तशीही फारशी उरली नाहीत. जी उरली ती आता चाललीयेत. पुढच्या काळातलं तर काही मिळणारच नाही. व्हॉट्सॲपचं बोलणं फोनबरोबर जातं.

यात आता एक ताजी भर. २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. नोंदणीची सोय स्पीड पोस्टबरोबर मिळते, पत्राचा माग ऑनलाइन काढता येतो, हे मान्य. पण रजिस्टर स्वस्त होतं आणि त्यामागे एक सवय होती. कुळाने मालकाला, शेतकऱ्याने तहसीलदाराला, काढून टाकलेल्या कामगाराने कंपनीला ‘मी कळवलं होतं’ हे सिद्ध करायचं साधन म्हणजे ती पोचपावती. कोर्टात ती चालायची. गरिबाच्या घरात देवाच्या फोटोमागे रेशनकार्डाबरोबर जे कागद असतात त्यात एखादी तरी पोचपावती सापडतेच. २०१३ मध्ये तार बंद झाली तेव्हा लोकांनी रांगा लावून शेवटच्या तारा केल्या. रजिस्टर गेलं तेव्हा फारसा आवाजही झाला नाही. खात्याने खर्च बघावा, वेग बघावा, जरूर बघावा. पण हक्काचा पुरावा साध्या माणसाला किती पैशात मिळतो, हा टपाल खात्याचा फक्त हिशोबाचा प्रश्न नाही. १८५४ मध्ये अर्ध्या आण्याने जे झालं ते दर कमी केल्यामुळे झालं होतं, हे विसरू नये.

एवढं सगळं लिहिलं, आता कामाच्या गोष्टी.

एक. घरात जुनी पत्रं, पाकिटं, कार्डं, मनीऑर्डरच्या पावत्या असतील तर तिकिटं कापू नका. पाकीट, आतलं पत्र आणि तिकीट एकत्र राहू द्या. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कोरड्या जागी, साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा.

दोन. घरातलं वडीलधारं माणूस आहे तोवर त्यांना विचारून कोण कोणाचं, हे वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. ‘चि. बाळूस अनेक आशीर्वाद’ यातला बाळू कोण, हे सांगणारं दहा वर्षांनी कोणी नसेल. फोनवर फोटो काढून भावंडांना पाठवा, म्हणजे एक प्रत गेली तरी दुसरी राहील.

तीन. ठेवायला जागा नसेल तर रद्दीत घालण्याआधी गावातल्या जुन्या वाचनालयात, महाविद्यालयाच्या इतिहास विभागात किंवा एखाद्या संग्राहकाकडे विचारा. ते नाही म्हणाले तर मग बघा.

चार. मुलं सहावी ते नववीत असतील तर टपाल खात्याची ‘दीनदयाळ स्पर्श’ नावाची तिकीटसंग्रहाची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला सहा हजार रुपयांची. मोठ्या टपाल कार्यालयात फिलाटेली खातं उघडलं तर नवी तिकिटं घरपोच येतात. चौकशी करा. आणि तिकीट घेतलंत तर फक्त वहीत लावू नका. एखादं पाकिटावर चिकटवून, आत चार ओळी लिहून कोणाला तरी खरंच पाठवा.

पाच, आणि हे महापालिका, जिल्हा परिषद आणि आपले लोकप्रतिनिधी यांच्यासाठी. रस्त्यांना, चौकांना, उड्डाणपुलांना नावं द्यायला जेवढा उत्साह असतो त्याच्या एक दशांश उत्साहाने प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात लोकांच्या पत्रांचं एक कपाट आणि एक स्कॅनर ठेवा. खर्च एका स्वागत कमानीपेक्षा कमी येईल. तिकिटावर कोण येणार हे दिल्लीत ठरतं, त्यासाठी मागण्या करत राहूच. पण आपल्या आजी-आजोबांनी काय सोसलं, काय कमावलं, कोणाला काय लिहिलं, हे जपायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

तुमच्या घरात सगळ्यात जुनं पत्र कोणत्या सालचं आहे, कोणी कोणाला लिहिलेलं आहे? आज संध्याकाळी ट्रंक उघडून बघा आणि खाली लिहा. पाकिटावर पाच पैशांचं निर्वासितांचं तिकीट दिसलं तर तेही सांगा.